साफ झालेल्या शिवराया

भानुदास मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते आणि जुडीत निम्मा चिखल निघाला म्हणून भाजीवाल्याच्या नावानं बोटं मोडत होते. फोनवर त्यांची सून सुरेखा होती. "बाई, आबा गेले हो..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. सकाळी चहा घेतला, ओट्यावर ऊन खात बसले आणि बसल्या जागी मान टाकली. नगरहून खर्ड्याला जायचं म्हणजे जामखेडला एसटी बदलायची, त्या आठवड्यात माझा गुडघा धरलेला, मातीला पोचणं काही शक्य नव्हतं. तेराव्याला नक्की येते असं मी तिला सांगितलं. जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला दुःखातही सूचना द्यायची खोड असते. मी पुढं म्हणाले, "तेराव्याला जामखेडच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचे लोक आबांची नाणी बघायला येतीलच. सगळं साफ करून, नीट मांडून ठेव." ती हो म्हणाली. हे माझं वाक्य मी इथं जसंच्या तसं लिहून ठेवते आहे, कारण पुढं त्याचा जाब द्यायचा आहे.

मिस्त्री म्हटलं की लोकांना सुतार नाहीतर गवंडी आठवतो. भानुदास मिस्त्री नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. डाय दुरुस्त करणं हे त्यांचं काम. डाय म्हणजे ठसा, पोलादात उलटं कोरलेलं चित्र. त्यावर धातूची चकती ठेवून वरून दाब दिला की चित्र सुलटं उमटतं. हजारो वेळा दाब खाऊन ठसा झिजतो, गंजतो, त्याला तडे जातात. मग मिस्त्री तो ऑईल स्टोनवर घासायचे, एमरी पेपर मारायचे, पॉलिश करून पुन्हा कामाला लावायचे. सुट्टीच्या दिवशी सराफांसाठी लक्ष्मीच्या चांदीच्या नाण्यांचे ठसेही करून द्यायचे. डावखुरे होते. लहानपणी त्या हातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या आणि टूलरूममध्येही सगळी यंत्रं उजव्या माणसांसाठीच केलेली, त्याचा राग त्यांना निवृत्तीनंतरही होता. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायचे. आमच्या दोघांचं जमण्यासारखं काही नव्हतं आणि आमची ओळख झाली तीही माझ्या अपमानानं झाली.

नगरला जुन्या नाण्यांचं एक प्रदर्शन होतं. मामानं दिलेली एक शिवराई माझ्याकडे होती. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांच्या मागंही कितीतरी वर्षं ती पाडली जात होती, आणि आपल्याकडं नांगराच्या तासात अजून सापडते. प्रदर्शनाला न्यायची म्हणून मी ती चिंच आणि मीठ लावून, वर रांगोळीनं घासून, पूजेच्या तांब्यासारखी लख्ख केली होती. मिस्त्री तिथं एका टेबलापाशी भिंग घेऊन उभे होते. मी मोठ्या तोऱ्यात नाणं त्यांच्या पुढं धरलं. त्यांनी ते डाव्या तळव्यावर घेतलं, उजेडात तिरपं केलं, परत तिरपं केलं आणि म्हणाले, "बाई, हे नाणं साफ झालं." मी म्हटलं, "हो, मीच केलं, चिंच लावून." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी भर मांडवात कुणाच्या तरी पानात थुंकले होते. "मी म्हनलं साफ झालं. म्हंजे गेलं. आता यात काय ऱ्हायलं न्हाई."

मला भयंकर राग आला. पण मी निघून गेले नाही, कारण त्यांनी लगेच दुसरी एक काळपट, हिरवट, राप बसलेली शिवराई माझ्या हातात दिली आणि भिंग डोळ्याला लावायला सांगितलं. "रेघ दिसती का? आता सांगा, खाली गेलीय का वर आलीय?" अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत केसासारख्या बारीक रेघा होत्या आणि त्या वर उठलेल्या होत्या. नाणं घासलं, पडलं, खिशात किल्लीशी लागलं, तर चरा खाली जातो. वर उठलेली रेघ नाण्यावर नंतर कुणालाच काढता येत नाही. ती यायची तर चरा ठशावर पडलेला हवा. ठसा घासणाऱ्यानं कानस मारली, दगड फिरवला, त्याचे ओरखडे पोलादात खाली गेले आणि तांबं त्यात शिरून वर आलं. "खालची रेघ लोकांची, वरची रेघ कारागिराची," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी मला पुरळासारखे उठलेले बारीक ठिपके दाखवले. ठसा पावसाळ्यात तेल न लावता ठेवला होता, त्याला गंजाचे खड्डे पडले, तेच हे ठिपके. एक वेडीवाकडी जाड रेघ अक्षरातून काठापर्यंत गेली होती, तो ठशाला गेलेला तडा. त्या दिवशी मी तिथं दोन तास होते. इतकी वर्षं मुलींना सनावळ्या पाठ करायला लावल्या आणि नाण्यावर माणसाच्या हाताची खूण असते हे मला एका टूलरूममधल्या माणसानं सांगितलं, याची मला लाज वाटली.

त्यानंतर आमचं येणंजाणं सुरू झालं. निवृत्त होऊन ते खर्ड्याला गेल्यावर उन्हाळ्याच्या नि दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीनं जायची. सुरेखा पिठलं-भाकरी करायची आणि आम्ही दोघं खिडकीपाशी नाण्यांवर वाद घालायचो. त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट म्हणजे अकरा शिवराया. नगरच्या एका मोडवाल्याकडं जुन्या हंड्या-कळशांच्या ढिगात एक गठ्ठा निघाला होता, मातीनं एकमेकांना चिकटलेला. नाणी फार हाताळलेली नसावीत, अक्षरं तीक्ष्ण होती. मिस्त्रींनी ती पाण्यात भिजवून, बाभळीच्या काट्यानं माती काढत सुटी केली. त्यात महिने गेले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की अकराच्या अकरा एकाच ठशातून निघालेली आहेत. 'श्री'ची वेलांटी जिथं किंचित वाकडी, तिथं ती सगळ्यांवर वाकडी. फक्त ठशाची तब्येत दर नाण्यागणिक वेगळी. एकावर तडा नाही. पुढच्यावर 'रा'पासून केसाएवढा तडा. त्याच्या पुढच्यावर तो काठाला पोचलेला. मग गंजाचे ठिपके, मग एकदम ते ठिपके नाहीसे आणि त्यांच्या जागी तिरप्या रेघा, म्हणजे ठसा घासून पुन्हा वापरात आणला. त्यांनी अकरा नाणी क्रमानं लावली, प्रत्येकाला एक काडेपेटी दिली, काडेपेटीच्या बुडाशी बॉलपेननं लिहिलं... "१ ला. तडा न्हाई", "५ वा. गंज", "६ वा. घासला". एका ठशाचा जन्म ते मरण त्या काडेपेट्यांत होतं.

आणि त्यात तो माणूस होता. सहाव्या नाण्यापासून पुढच्या रेघा सगळ्या एकाच बाजूला कललेल्या आणि जराशा वाकलेल्या होत्या. मिस्त्रींनी मला विचारलं, "हा गडी उजवा का डावरा?" मी रेघांचा कल बघून ठोकून दिलं, "उजवा." ते खदाखदा हसले. "बाई, नाण्यावर उलटं आलंय. ठशावर कल दुसरीकडं हुता." भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून त्यांनी नाण्यासमोर धरला. "घासताना हात कोपराभवती फिरतो, म्हनून रेघ वाकती. ही डाव्या कोपराची हाय. ही माझी रेघ हाय, बाई. तीस वर्सं मी अशीच मारलीय." मी म्हटलं, त्यानं ठसा फिरवून धरला असेल तर? एवढ्यावरून इतिहास सिद्ध होत नाही. "तुमचा इतिहास ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात राजं हायेत, सरदार हायेत. हा डावरा कुठंय?" मला आजही तो पुरावा पुरेसा वाटत नाही. पण डाव्या हातावर पट्ट्या खाल्लेल्या माणसाला दोनअडीचशे वर्षांमागचा आपल्यासारखा एक सापडला होता, आणि त्याचं काम बघताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा मी दुसऱ्या कशानं झालेला पाहिला नाही. मी त्यांना शब्द दिला होता की अकराही नाण्यांचे मोठे फोटो काढून यावर लेख लिहीन. "लिवा लवकर," म्हणायचे. मी गुडघा, मोतीबिंदू, भाचीचं लग्न, सगळी कारणं सांगितली. दर सुट्टीत पुढच्या सुट्टीत करू म्हणत राहिले. त्या आळसाचा आता मला इतका तिटकारा येतो की काय सांगू.

घासण्याविषयी त्यांना एवढा राग का, हे मी एकदा विचारलं. त्यांनी कपाटातून अडकित्त्याशेजारची एक पितळी डबी काढली. तिच्यात एक चांदीचं नाणं होतं, सराफांसाठी केलेल्या लक्ष्मीचं. नीट पाहिलं तर देवीच्या हातातल्या कमळाला देठ नव्हता. फूल हातापासून सुटून नुसतं हवेत तरंगत होतं. "हे माझं काम," म्हणाले. ठशावर ओरखडे दिसत होते, सणाची घाई होती, आरशासारखा गुळगुळीत करायच्या नादात त्यांनी तो प्रमाणाबाहेर घासला. देठ उथळ कोरलेला होता, तो पुसून गेला. सगळी नाणी पडून विकली गेली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. "घरोघर देव्हाऱ्यात बसलीय ती. लोक हळदकुंकू वाहतात. आन् मला घास जात न्हाई. चकचकीत दिसावं म्हनून देवीच्या हातातलं फूल मी काढून घेतलं." तोंडात कडू आल्यासारखा चेहरा केला त्यांनी. मग मी माझी ती चिंच लावलेली शिवराई त्यांना देऊन टाकली, फेकून द्या म्हटलं. त्यांनी फेकली नाही. एक लाल मखमलीचा तुकडा शोधून त्यात गुंडाळली आणि डबीत देवीच्या शेजारी ठेवली. "ऱ्हाऊ द्या. दोघांच्या चुका एकाच जागी बऱ्या." त्या डबीला घरात कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

तेराव्याला मी खर्ड्याला पोचले. दारासमोर फ्लेक्स लागला होता. त्यावर मिस्त्रींच्या फोटोपेक्षा शोक व्यक्त करणाऱ्यांचे फोटो मोठे होते आणि त्यातल्या निम्म्यांनी गॉगल घातले होते. असल्या फ्लेक्सची मला आधीच शिसारी येते. त्यात मिस्त्रींना 'थोर नाणेसम्राट' म्हटलेलं वाचून आल्या एसटीनंच परत फिरावंसं वाटलं. मंडळाचा एक गृहस्थ माइकवर बोलत होता. हा जत्रेत आणि मोबाईलवर शिवराया विकतो, सगळ्या ॲसिडात बुडवून गुलाबी केलेल्या, सोललेल्या कोंबडीसारख्या. मिस्त्रींनी त्याला एकदा उंबऱ्यावरून घालवून दिलं होतं आणि हा इथं "आमचं गुरुशिष्याचं नातं होतं" म्हणून डोळे पुसत होता. मी त्याच्याकडं न बघता आत गेले आणि खोलीच्या दारातच मला वास आला. चिंचेचा आंबूस आणि त्याखाली ओल्या तांब्याचा, जिभेच्या मुळाशी चढणारा वास. वटपौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत प्रत्येक सणाच्या आदल्या दिवशी माझ्या स्वतःच्या हातांना तो येत आलेला आहे.

टेबल पुसलेलं होतं. मिस्त्रींच्या फोटोसमोर स्टीलच्या ताटात, झेंडूच्या पाकळ्यांच्या गोलात, अकरा शिवराया होत्या. झगझगीत. नव्या तांब्याच्या तारेसारख्या नारिंगी. मागोमाग तो माइकवाला आत आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "वा! काय झळाळी हाय! आता किंमत आली याला." मोबाईल काढून त्यानं ताटाबरोबर स्वतःचा फोटो घेतला. बाकीच्यांनीही घेतले. त्यांना दोष काय द्यायचा, पण मला त्यांच्या हातांची, त्यांच्या हसण्याची, त्या पाकळ्यांचीसुद्धा किळस आली. मी पर्समधून भिंग काढलं. मोठा तडा दोन नाण्यांवर ओळखू आला. गंजाचे ठिपके घासून सपाट झालेले. तिरप्या रेघांच्या जागी आता काथ्याचे गोल गोल ओरखडे, सगळे खाली गेलेले. डावरा गेला होता. कुठलं पहिलं आणि कुठलं आठवं, तेही आता सांगता येत नव्हतं. मी काडेपेट्या विचारल्या. कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुरेखानं सांगितलं की त्या मोकळ्याच होत्या, बंबात घातल्या.

माणसं जेवायला बसली तसं मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. मी काय काय बोलणार होते ते सगळं माझ्या तोंडात तयार होतं. चाळीस वर्षं वर्गावर ओरडलेला घसा आहे माझा. "सुरेखा, ही नाणी कुणी घासली?" एवढंच मी म्हणाले. तिचा चेहरा उजळला. "मीच की, बाई. तुमी फोनवर म्हनला हुता ना, सगळं साफ करून ठेव. दहावा झाला, सुतक फिटलं, घर धुतलं, देवाची भांडी काढली. म्हनलं, यावर महाराजांचं नाव हाय, सुतकातली तशीच कशी ठिवायची? मंग देवाच्या भांड्यांसंगंच घेतली." माझंच वाक्य होतं. मिस्त्री 'साफ' हा शब्द शिवीसारखा वापरतात हे मला वीस वर्षं माहीत होतं आणि मी तोच शब्द त्यांच्या घरात पाठवला होता.

तिला वाटलं मला अजून खात्री पटलेली नाही. ओढणीला हात पुसत ती खोलीतल्या कपाटाशी गेली आणि पितळी डबी नि ताटातलं एक नाणं घेऊन आली. लाल मखमल उलगडली. "आबांनी ही डबी आमाला कधी हात लावू दिली न्हाई. ते गेल्यावर पयल्यांदा उघडली, बाई. यात हे नाणं निघालं, असं लखलखीत, मखमलीत ठिवल्यालं. तवा कळलं, आबांना नाणं कसं आवडायचं ते. त्यांना आयुष्यभर बाकीची घासायला सवडच झाली न्हाई बघा. मंग एकेक नाणं या नाण्याशेजारी धरायचं आन् घासायचं, धरायचं आन् घासायचं... रंग जुळंस्तवर. तीन दिस लागले." तिच्या बोटांची पेरं चिंचेनं आणि मिठानं फाटली होती, एका नखाखाली रक्त साकळलेलं होतं. सासऱ्यासाठी यापेक्षा जास्त मायेनं कुणी काही केलं असेल असं मला वाटत नाही. तिनं माझं नाणं त्या ताटातल्या नाण्याशेजारी धरलं आणि मला विचारलं, "जुळली ना, बाई?"

"जुळली," मी म्हणाले. "एकदम जुळली."

निघताना तिनं डबी मला दिली. आबा तुमचं नाव फार काढायचे, म्हणाली. ती आता माझ्या टेबलावर असते आणि हे लिहिताना उघडी आहे. देवीच्या हातातलं कमळ तसंच हवेत आहे. तिच्या शेजारी माझी शिवराई, आणि सुरेखाकडून मागून घेतलेलं त्या अकरातलं एक नाणं. त्याच्यावर 'श्री'च्या वाकड्या वेलांटीच्या आडोशाला, जिथं काथ्या पोचला नसावा, तिथं दोन बारीक रेघा आहेत. मी रोज सकाळी खिडकीशी ते तिरपं करून बघते. त्या वर आलेल्या आहेत की खाली गेलेल्या, डावऱ्याच्या आहेत की सुरेखाच्या, माझ्या डोळ्यांना ठरवता येत नाही. ज्यांना ते एका नजरेत सांगता आलं असतं, त्यांना विचारायला मी फार उशीर केला.